वारशाने आलेले दुखणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक दिली होती. मी आनुवंशिक रोगांचा विषय सुचवला. तेव्हा त्यांच्यापैकी एकजण जरा काळजीने म्हणाले, "डॉक्टर, उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक चार घटका गार वाऱ्याला बसायला येतात. त्यांना रोगांची भीती घालणार का?" मी त्यांना म्हटले, भीती घालायला मी येत नाही, आहे ती थोडी कमी करता आली तर पाहावी, म्हणून येतो. माझी उमेदीची वर्षे पूर्व विदर्भातल्या एका रुग्णालयात गेली. तिथला माझा अनुभव असा की, वारशाने आलेल्या दुखण्याने माणसे जितकी गांजतात, तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, ती त्या दुखण्याच्या लाजेने गांजतात. दुखण्यावरचे औषध पुष्कळदा अपुरे पडते. लाजेवरचे औषध मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे. आजचे माझे सारे बोलणे या एका मुद्द्यासाठी आहे.

वारशाची कल्पना आपल्याला नवी नाही. "खाण तशी माती" असे आपण म्हणतोच. मुलगा चांगला निघाला की बापावर गेला, आणि बिघडला की मामावर गेला, हेही घरोघर ऐकू येते. लग्न जुळवताना कूळ पाहण्याची चाल तर फार जुनी. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कुळातली मुलगी करू नये याची यादी आहे. त्यात मूळव्याध, क्षय, अपस्मार, कोड आणि कुष्ठ असलेली कुळे वर्ज्य सांगितली आहेत. म्हणजे दुखणे रक्तातून उतरते, ही समजूत दोन हजार वर्षे तरी आपल्यात आहे. पण त्या यादीकडे आजच्या दृष्टीने पाहा. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांना १८७३ साली दिसला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. हे दोन्ही जंतूंचे रोग. बापाकडून मुलाकडे रक्ताने येणारे नव्हेत. तरीही कुष्ठरोग्याच्या घरावर पिढ्यान् पिढ्या बहिष्कार पडला. त्याच्या बहिणींची लग्ने अडली, भाऊबंदांनी वाटा वेगळ्या केल्या. वरोड्याला बाबा आमट्यांना आणि अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांना ज्यांच्यासाठी नवी वसाहत उभारावी लागली, ती माणसे आजारामुळे घराबाहेर पडलेली नव्हती. समजुतीमुळे बाहेर काढलेली होती. जे वारशाचे नव्हते त्याला आपण वारशाचे म्हटले. आता जे खरोखर वारशाचे आहे, त्याच्या बाबतीत आपण काय करतो, हे पाहू.

त्यासाठी आधी वारसा चालतो कसा, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. ही गोष्ट एका ख्रिस्ती मठात सुरू होते. ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगर मेंडेल नावाचे साधू होते, जन्म १८२२चा. मठाच्या बागेत त्यांनी सुमारे आठ वर्षे वाटाण्याची झाडे लावली, परागकण हाताने एकावरून दुसऱ्यावर नेले आणि दाणे मोजले. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारे दाणे गोल आले. सुरकुती नाहीशी झाली असे वाटावे. पण त्या गोल दाण्यांपासून पुढची पिढी घेतली, तेव्हा ५४७४ दाणे गोल निघाले आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे तिनास एक. आजोबांचे लक्षण वडिलांत लपून बसले आणि नातवात पुन्हा वर आले!

मेंडेलनी १८६५ साली हे सारे आपल्या गावच्या सभेत वाचून दाखवले. तेही एक व्याख्यानच होते. श्रोत्यांनी ते सभ्यपणे ऐकून घेतले आणि सारे घरी गेले. पुढच्या वर्षी निबंध छापला गेला, तोही कोणी मनावर घेतला नाही. १८८४ साली मेंडेल वारले. १९०० साली तीन शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाशी आले, तेव्हा जगाला कळले की, ब्रनोचा साधू पस्तीस वर्षांपूर्वीच हे सांगून गेला होता. आजच्या व्याख्यानाचे भाग्य एवढे मोठे नसले, तरी विस्मरण इतके लांबू नये अशी माझी इच्छा आहे.

मेंडेलच्या वाटाण्यांचा अर्थ असा. शरीर घडवण्याच्या बहुतेक प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या सूचनेला आपण जनुक म्हणतो. दोहोंपैकी एक प्रत बिघडलेली असली आणि दुसरी चांगली असली, तर पुष्कळ बाबतीत चांगलीवर काम भागते. माणूस ठणठणीत राहतो. आपल्याजवळ बिघडलेली प्रत आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे मी आज निदान चार वेळा सांगणार आहे. कंटाळा आला तरी क्षमा करावी. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तरच रोग होतो.

आता माझ्या नित्य परिचयाचे उदाहरण घेतो, ते म्हणजे सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाटोळ्या, चपट्या आणि मऊ असतात. बारीक रक्तवाहिनीतून अंग चोरून सहज निघून जातात. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, हा बिघाड रक्तातल्या हिमोग्लोबिन या द्रव्याच्या घडणीतच आहे. पुढे १९५६ साली व्हर्नन इन्ग्रम यांनी तो बिघाड नेमका हुडकला. हिमोग्लोबिनमध्ये १४६ मण्यांची एक माळ असते, अशी कल्पना करा. तिच्यातला सहावा मणी बदललेला असतो. बाकीचे १४५ मणी जिथल्या तिथे आहेत. एवढ्याशा फरकाने काय व्हावे? प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या बनतात. पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. पुढचे रक्त थांबते. तिथे जी कळ उठते तिचे वर्णन मला करता येत नाही. हाडे आतून कोणी पिळतो आहे असे रोगी सांगतात. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात. प्लीहा निकामी होत जाते आणि साधा ताप जीवघेणा ठरू शकतो. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांतच फुटते. म्हणून डोळे पिवळे, अंगात रक्त कमी आणि सदाचा थकवा.

भारतात हे जनुक १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळले. नागपूरकडचा वृत्तांत १९५८ साली प्रसिद्ध झाला. आज आपल्याला ठाऊक आहे की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि तिकडे नंदुरबार-धुळे या भागांत ते बरेच पसरले आहे. इथे कोणाच्या मनात येईल की, हे जंगलातल्या लोकांचे दुखणे. आम्हा शहरवासीयांना त्याचे काय? पण हे जनुक आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. आणि त्याचाच भाऊबंद म्हणावा असा थॅलसेमिया हा रक्तरोग शहरांतल्या सुखवस्तू घरांत मुक्काम ठोकून आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी समाजांत त्याचे वाहक पुष्कळ. इतर समाज मोकळे आहेत असेही नाही. त्याचीही चाल तीच, दोन वाहकांच्या मुलाला रोग. त्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी जन्मभर रक्त द्यावे लागते. तेव्हा या बाबतीत कोणी कोणाला हसण्यात अर्थ नाही. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ कसली ना कसली बिघडलेली प्रत आहेच. माझ्याजवळ आहे, अध्यक्षमहाराजांजवळही असणार. ती कोणती, एवढेच आपल्याला माहीत नसते.

आता थोडे गणित. पोरखेळातले गणित आहे, भिऊ नका. आई वाहक आहे, वडील वाहक आहेत, दोघेही ठणठणीत. प्रत्येक मुलाच्या वेळी दोन नाणी उडवली जातात असे समजा. एक आईचे, एक वडिलांचे. छापा आला तर चांगली प्रत, काटा आला तर बिघडलेली. दोन्ही छापे येण्याचा संभव चारांत एक. ते मूल पूर्ण मोकळे. एक छापा, एक काटा, हा संभव चारांत दोन. ते मूल आईबापांसारखे वाहक, म्हणजे निरोगी. दोन्ही काटे, हा संभव चारांत एक. ते मूल आजारी. जोडीदारांपैकी एकच वाहक असेल, तर एकही मूल आजारी होत नाही. फार काय, सिकलसेलच्या रोग्याने मोकळ्या जोडीदाराशी लग्न केले, तर सगळी मुले वाहक होतील, पण आजारी एकही नाही.

या गणितात दोन खड्डे आहेत. पहिला असा की, "चारांत एक म्हणता ना डॉक्टर? एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप!" असे लोक म्हणतात. नाण्याला मागचे आठवत नाही. दर खेपेला तेच चारांत एक. दुसरा खड्डा याच्या उलट. अशा जोडप्याला दोनच मुले झाली, तर दोन्ही निरोगी असण्याचा संभव शंभरांत छप्पन्न असतो. चार झाली, तरी चारही निरोगी असण्याचा संभव सुमारे बत्तीस. म्हणजे कितीतरी घरांत बिघडलेली प्रत पिढ्यान् पिढ्या चालत असते आणि एकही आजारी मूल होत नाही. "आमच्या घराण्यात असे कधी नव्हते" हे वाक्य खरे असू शकते आणि तरीही त्याला काही अर्थ नसतो.

हे वाक्य मी किती घरांत ऐकले असेल! एक प्रसंग सांगतो. सहा वर्षांचा मुलगा पोटाच्या आणि पायांच्या कळांनी आमच्याकडे आला होता. बरोबर आई आणि आजी. आजी पहिल्याच दमात म्हणाली, "आमच्या खानदानात असं कधी नव्हतं जी. हे हिच्या माहेराहून आलं." सून मान खाली घालून बसली होती. मुलाच्या उशाशी तीन रात्री जागलेली ती बाई. तिला उत्तर द्यायचेही त्राण नव्हते. मी सांगितले, घरातल्या सर्वांचे रक्त तपासू. आई वाहक निघाली, बापही वाहक निघाला. तो निघणारच होता, त्यावाचून मुलाला रोग होताच ना. मग आजी-आजोबांचे रक्त घेतले. आजोबा मोकळे होते. वाहक होती ती स्वतः आजी. मी तिला बाजूला बसवून नाण्यांची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. त्या रात्री मी फेरीला गेलो, तेव्हा सून जमिनीवर चटई टाकून गाढ झोपली होती आणि आजी नातवाचे पाय चेपत बसली होती. या रोगाबद्दल मी पुढे पुष्कळ भाषणे दिली. पण त्या आजीच्या गप्प राहण्याइतके परिणामकारक बोलणे मला साधले नाही.

दोष सुनेचा नव्हता, तसा आजीचाही नव्हता. मग ही बिघडलेली प्रत इतक्या माणसांत आली कुठून? याचे उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दिले. ज्याच्याजवळ या जनुकाची एकच प्रत आहे, त्याला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात मोकळी मुले तापाने जात, दोन बिघडलेल्या प्रतींची मुले या रोगाने जात, आणि वाहक मुले तगत. गडचिरोलीचे जंगल आणि हिवताप यांचे नाते तर जुनेच आहे. ज्याला आपण कलंक म्हणतो, त्याने शेकडो वर्षे या लोकांचे वंश जगवले. पूर्वजांनी जगण्यासाठी काढलेले ते कर्ज आहे. फेडीचा हप्ता एखाद्या नातवाच्या वाट्याला येतो, इतकेच. कर्जात लाज कसली?

वारशाच्या दुसऱ्याही रीती आहेत, त्या ओझरत्या सांगतो. हिमोफिलिया या रोगात रक्त गोठत नाही. त्याचे जनुक आईकडून येते. आईला सहसा त्रास होत नाही, मुलग्यांना होतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा एक मुलगा, लिओपोल्ड, या रोगाने १८८४ साली गेला. मुलींच्या द्वारे तो रशियाच्या राजघराण्यात पोचला आणि युवराज अलेक्सी त्याने पिडला. जगातले मोठमोठे वैद्य दिमतीला होते. कोणाचे काही चालले नाही. या रोगाच्या सुमारे एक-तृतीयांश रोग्यांत तर हा बिघाड नव्यानेच उद्भवलेला असतो. मागच्या कोणाकडे बोट दाखवण्याची सोयच नाही. हंटिंग्टनसारख्या काही रोगांत एकच बिघडलेली प्रत पुरते. तिथे दर मुलाच्या वेळी एकच नाणे उडते. रीत कोणतीही असो, नाणे कोणाच्या पापपुण्याकडे पाहून पडत नाही.

आता आपण म्हणाल की, यासाठीच तर आपले पूर्वज गोत्र पाहत, पत्रिका जुळवत! गोत्र बापाच्या बाजूने चालते. जनुक आई आणि बाप दोघांकडून सारखेच येते. मामाची मुलगी वेगळ्या गोत्राची, म्हणून आपल्याकडे अनेक समाजांत चालते. पण तुमच्याजवळ एखादी बिघडलेली प्रत असेल, तर तीच प्रत सख्ख्या मामेबहिणीजवळ असण्याचा संभव आठांत एक असतो. पत्रिकेत छत्तीस गुण मोजतात, त्यांतले आठ नाडीचे. हल्ली काही जण नाडी म्हणजे रक्तगट असे सांगतात आणि एकाच रक्तगटाच्या वधूवरांना लग्न करू देत नाहीत. रक्तगट एक असण्याने संततीला काहीही बाधा होत नाही. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळलेल्या जोडप्याच्या मांडीवर मी आजारी मूल पाहिले आहे. कारण जे पाहायचे होते ते पत्रिकेत नव्हतेच.

तर मग सर्वांचे रक्त तपासावे, वाहकांची यादी करावी, म्हणजे झाले, असे वाटते ना? मलाही तसेच वाटत होते. इथे मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका गावी शाळेत तपासणीचे शिबिर घेतले. उत्साह दांडगा होता. दीडेकशे मुलामुलींचे रक्त तपासले, आणि कोणाचा निकाल काय, हे सर्वांना सहज कळावे म्हणून यादी शाळेच्या व्हरांड्यात लावायला मीच सांगितले. नावापुढे "एएस" म्हणजे वाहक, असा खुलासाही खाली लिहिला होता. चार दिवसांनी एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते, ते मोडले. वरपक्षाकडच्या कोणी यादी वाचली होती. मी म्हटले, "अहो, ती वाहक आहे, रोगी नव्हे. मुलाचे रक्त तपासा. तो मोकळा असेल तर काळजीचे कारणच नाही." ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. आता गाव ऐकत नाही." त्या मुलीचे पुढे काय झाले, मला कळले नाही. विचारायला जाण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्या खेपेला त्याच गावात शिबिर घेतले, तेव्हा तरण्याताठ्या मुली जवळजवळ कोणीच आल्या नाहीत.

पुढे वाचनात आले की, माझ्या आधी अशी चूक दूरदेशी झालेली होती. ग्रीस देशात ऑर्कोमेनोस म्हणून गाव आहे. तिथे सिकलसेलचे वाहक पुष्कळ, आणि लग्ने आपल्यासारखीच घरच्यांनी जुळवायची पद्धत. डॉक्टरांनी सर्वांचे रक्त तपासले, समजावून सांगितले, वाहकांनी वाहकांशी लग्न टाळावे असा सल्ला दिला. काही वर्षांनी परत जाऊन पाहतात, तो वाहकांची आपसांतली लग्ने सल्ला दिलाच नसता तर जितकी झाली असती तितकीच झालेली! काहींनी आपण वाहक असल्याचे लपवले होते. वाहकांकडे गाव कमीपणाने पाहू लागले होते. १९७४ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. म्हणजे माहिती दिली. पण माहितीबरोबर लाजही दिली, आणि लाजेने माहितीला खाऊन टाकले.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. सायप्रस बेट, भाषा बव्हंशी तीच, ग्रीक. तिथे थॅलसेमियाचे वाहक दर सात माणसांत एक. १९७० नंतरच्या दशकात तिथे तपासणी सुरू झाली. पुढे तिथल्या चर्चने नियम केला की, लग्नाआधी वधूवरांनी तपासणी केल्याचा दाखला आणावा. दाखल्यावर काय लिहिलेले असे? एवढेच की, या दोघांची तपासणी झाली आहे आणि त्यांना योग्य सल्ला दिला आहे. निकाल लिहिलेला नसे! तो फक्त त्या दोघांना ठाऊक. सगळ्यांचीच तपासणी, म्हणून कोणी वेगळा पडला नाही. निकाल गुप्त, म्हणून कोणाची बेअब्रू नाही. दोघेही वाहक निघाले, तरी फार थोडी लग्ने मोडली. लग्न करून पुढे काय करायचे, गर्भाची तपासणी करायची की नाही, हे त्यांनी ठरवले. थोड्याच वर्षांत नव्या आजारी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऑर्कोमेनोसच्या लोकांजवळ त्या काळी गर्भाच्या तपासणीचा मार्ग नव्हता, सायप्रसला तो लाभला. पण व्हरांड्यातली यादी आणि मिटलेले पाकीट यांतला फरक दोन्हीकडे तोच राहतो.

सरकार आणि समाज यांच्या हाती असे ज्ञान आले म्हणजे काय होऊ शकते, याचे इशारे इतिहासात आहेत. जर्मनीत १९३३ साली कायदा करून आनुवंशिक रोग असल्याच्या सबबीवर सुमारे चार लाख माणसांवर सक्तीने निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या. अमेरिकेत १९७०च्या सुमारास काही राज्यांनी काळ्या वर्णाच्या लोकांची सिकलसेलची तपासणी सक्तीची केली, आणि निरोगी वाहकांना नोकऱ्या व विमा नाकारले गेले. तिथल्या हवाईदलाच्या प्रशिक्षण संस्थेची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. माणसाला रोगातून सोडवायचे सोडून माणूसच वगळायला निघाले की, विज्ञानाची अशी गत होते.

आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ सालापर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असा तिचा संकल्प आहे. संकल्प मोठा आहे आणि मला तो हवाच आहे. पण तो ऑर्कोमेनोसच्या वाटेने जाईल की सायप्रसच्या, हे दिल्लीत ठरायचे नाही. ते आपल्या ओट्यावर, आपल्या लग्नाच्या बैठकीत ठरेल.

तर मग आपण करावयाचे काय? पहिले, आपली मुले-मुली वयात आल्यावर, स्थळे पाहण्याच्या पुष्कळ आधी, सिकलसेल व थॅलसेमियासाठी त्यांचे रक्त एकदा तपासून घ्या. मुलाचे आधी, मुलीचे मागाहून, असा क्रम ठेवलात तर अधिक बरे. कारण लपवण्याची पाळी नेहमी मुलीवर येते. दुसरे, निकाल ज्याचा त्याला सांगावा. सोयऱ्याधायऱ्यांना वाचून दाखवू नये. तिसरे, दोघे वाहक निघाले आणि त्यांना लग्न करायचेच असेल, तर त्यांना गुन्हेगार समजू नका. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची तपासणी होऊ शकते. कायद्याने मना आहे ती मुलगा-मुलगी पाहण्याची, रोग पाहण्याची नव्हे. तपासणी करायची की नाही आणि पुढे काय करायचे, हा निर्णय त्या दोघांचा. डॉक्टरने माहिती द्यावी, हुकूम देऊ नये.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, जे मूल आजारी जन्मले आहे ते आपले आहे. सिकलसेलच्या मुलाला पाणी भरपूर द्यावे, थंडीपासून जपावे, लसी चुकवू नयेत. ताप आला तर सकाळपर्यंत वाट न पाहता दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी नियमाने घेतली, तर कळांचे झटके पुष्कळ कमी होतात. १९९५ पासून याचा भक्कम पुरावा आहे. आमच्या सुरुवातीच्या काळात जी मुले हाती लागत नसत, त्यांच्याच वयाची मुले आज नोकरीधंदा करून संसार करताना दिसतात. २०२३च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकावरच उपचार करण्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली. अमेरिकेत तिची किंमत बावीस लाख डॉलर जाहीर झाली. गोंदियाच्या मजुराला ती कधी परवडेल, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. तोवर गोळी आहे, पाणी आहे, आणि मास्तरांनी "हा आळशी आहे" असे न म्हणता वर्गात पाण्याची बाटली ठेवू देणे आहे. २०१६च्या कायद्याने सिकलसेल, थॅलसेमिया व हिमोफिलिया यांच्या रुग्णांना दिव्यांगांचे हक्क दिले आहेत. ते मागायला कोणी लाजू नये.

यादी व्हरांड्यात लावल्यापासून मी एक नियम पाळत आलो. निकालाचा कागद घडी करून पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचे आणि ज्याचे त्याच्या हाती द्यायचे. देताना समोर बसवून सांगायचे की, वाहक म्हणजे रोगी नव्हे. हे माझे चौथ्यांदा सांगणे. एका डॉक्टरचे पाकीट फार दूर पुरत नाही. पण इथे बसलेल्या एवढ्या मंडळींनी घरी जाऊन जेवताना एवढीच गोष्ट सांगितली की, "बरे का, आपल्यापैकी प्रत्येकाच्या रक्तात काही ना काही असते," तर मला वाटते, एखाद्या मुलीचे लग्न मोडायचे टळेल आणि एखादी आई मान वर करून दवाखान्यात येईल.